मोकळीच तर आहेस

“उलटा फिरव.”

“उलटाच फिरवतेय.”

“तुझ्या उलटा नाही गं, बोल्टच्या उलटा. तू उताणी पडलीयस, तुझं सगळंच उलटं झालंय.”

आत्या अंगणातल्या ट्रकखाली, खोक्याच्या पुठ्ठ्यावर पाठ टेकून पडली होती. गंजाचा चुरा कपाळावर, भुवयांत, कानात पडत होता. मिस्त्री बाहेर स्टुलावर बसून, मान वाकडी करून उंटावरून शेळ्या हाकत होते. त्यांचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले होते. हात मोकळे सोडले की थरथरायचे, आणि ते थरथरणं लोकांनी पाहिलेलं मिस्त्रींना खपत नसे.

आत्यानं पान्यावर सगळा जोर टाकला. बोल्ट एकदा कण्हला, मग किंचाळला आणि सुटला. त्याबरोबर मागच्या चाकांकडे जाणारा लांबलचक लोखंडी दांडा तिच्या छातीवर येऊन विसावला.

“सुटला!” ती आतून ओरडली.

“धरून ठेव. आता दुसरं टोक.”

तेवढ्यात तिला ट्रकच्या कडेला पाय दिसले. आधी वहिनीच्या निळ्या चपला, आणि त्यांच्या पुढे पॉलिश केलेले काळे बूट. दादा सुट्टीच्या दिवशी घरातही बूट घालून वावरायला लागला की समजायचं, काहीतरी ठरवून आलाय.

“बाहेर ये जरा. बोलायचंय,” दादाचे बूट म्हणाले.

“बोल की. ऐकू येतंय.”

“असं बोलतात का? तोंड तरी दिसू दे तुझं.”

“छातीवर दांडा आहे, दादा. हात सोडला तर तोंड दिसण्यासारखं उरायचं नाही.”

मिस्त्री खोकले. ते हसू दाबायचे तेव्हा खोकायचे. बूट जरा मागेपुढे झाले.

“लेकीला दिवस गेलेत,” दादा म्हणाला. “बाळ झालं की घरात एक माणूस लागणार. ती नोकरी सोडणार नाही, जावयाची तर फिरतीची नोकरी. मी सांगून टाकलंय, आत्या येईल. वर्ष-दोन वर्षं राहील. पुढचं पुढे.”

“कुणी सांगून टाकलंय?”

“मी.”

“मला विचारलंस?”

“आता यात विचारायचं काय?” दादाचा आवाज खरोखरच चकित झाला होता. “आई गेली. तुझं दुकान बंद झालं. मोकळीच तर आहेस तू! आणि हे धूड सोमवारी भंगारवाला घेऊन जाईल. त्याच्याशी बोलणं झालंय. नवी गाडी घेतोय आपण, ती उभी कुठे करायची?”

ट्रकखाली पाना खणकन पडला. मिस्त्रींना वाटलं, दांडा सरकला की काय. ते वाकून बघणार इतक्यात आतून आवाज आला.

“मोकळी आहे ना, म्हणूनच नाही येणार.”

“काय?”

“नाही येणार म्हटलं. आणि ट्रकही कुठे जाणार नाही.”

दादानं मिस्त्रींकडे पाहिलं. “मिस्त्री, तुम्ही तरी समजावा. तुमच्या वयाला शोभतं का हे?”

“मला कमी ऐकू येतं हल्ली,” मिस्त्री म्हणाले. खरं तर रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा कुठलं बेअरिंग गेलंय ते ते डोळे मिटून सांगत.

बूट गेले. निळ्या चपला मात्र क्षणभर तिथेच घुटमळल्या, काहीतरी बोलायचं राहिल्यासारख्या. मग त्याही गेल्या.

*

तिला आत्या म्हणायला सुरुवात केली ती दादाच्या लेकीनं. बोबडं बोलणाऱ्या पोरीचं ऐकून शेजारचे म्हणायला लागले, मग दुकानाचे मालक, मग गिऱ्हाइकं. पन्नाशी उलटली तोवर तिच्याहून मोठी माणसंसुद्धा तिला आत्याच म्हणत होती. लग्नाचं राहून गेलं होतं. का राहिलं, ते आता कुणालाच नीट आठवत नव्हतं. आधी दादाचं शिक्षण, मग दादाचं लग्न, मग दादाची लेक लहान म्हणून, आणि मग आई पडली म्हणून.

आईची उजवी बाजू गेली ती गेलीच. सकाळी आईचं सगळं करायचं, मग हमरस्त्यावरच्या सीटकव्हरच्या दुकानात जायचं, आणि संध्याकाळी परत आईपाशी. अशी कितीतरी वर्षं गेली. दुकानात तिची मशीन खिडकीशी होती. मोटारींच्या, ट्रकच्या, बसच्या फाटक्या सीटा उचकटायच्या, फोम बसवायचा, रेक्झिन कापायचं, शिवायचं, आणि जिथे मशीनची सुई जात नाही तिथे दाभण घेऊन हातानं टाके घालायचे.

त्या दुकानात डोंगर चढणारी मंडळी यायची. जुने, चारही चाकांनी जोर लावणारे ट्रक घेऊन. चिखलानं माखलेले, सीटांच्या चिंध्या झालेले. गावाच्या मागच्या डोंगरावर एक बंद पडलेली खाण होती. तिच्याकडे जाणारा रस्ता कधीच वाहून गेला होता, उरली होती ती ‘वरची वाट’. सीट तयार होईपर्यंत ही मंडळी चहा पीत त्या वाटेच्या गप्पा मारायची. हत्तीची पाठ म्हणजे गुळगुळीत कातळाचा चढ. कात्री म्हणजे दोन दरडींमधली फट. आणि शेवटचं दळण, तिथे पायाखालचा दगड धान्यासारखा घरंगळतो. शिवताना मान खाली असते, पण कान काही कुणी बांधून ठेवत नाही. आत्यानं ती वाट कधी पाहिली नव्हती. पण तिला विचारलं असतं तर कुठल्या वळणावर चाक डावीकडे ठेवायचं, ते तिनं झोपेतही सांगितलं असतं.

आई गेली, आणि त्याच हंगामात मालकांनी दुकान बंद करायचं ठरवलं. ते म्हणाले, “आत्या, तुमची मशीन घेऊन जा. आठवण म्हणून.”

“मशीन नको. मागचा तो ट्रक द्या.”

तो ट्रक खाणीचाच होता. कधीकाळी सीट शिवायला आला होता, खाण बंद पडली आणि न्यायला कुणी आलंच नाही. दुकानाच्या मागे तो उभ्या उभ्या जमिनीत रुतला होता. मालक तिच्याकडे बघतच राहिले.

“अहो, त्यात काय आहे? बॉनेटमध्ये मांजर व्यालीय.”

“मांजरासकट द्या,” आत्या म्हणाली.

ट्रक ओढून अंगणात आणला तेव्हा दादानं काही हरकत घेतली नाही. त्याला वाटलं, भंगारात विकेल. आत्यानं दादाची जुनी पॅंट चढवली, हातोडा घेतला आणि पुढच्या चाकाच्या गंजलेल्या नटावर घाव घालायला सुरुवात केली. समोर मिस्त्रींचं गॅरेज होतं. म्हणजे पूर्वी मिस्त्रींचं होतं, आता पुतण्याचं. हात थरथरायला लागल्यापासून पुतण्यानं त्यांना फाटकाशी एक स्टूल दिलं होतं. “काका, तुम्ही फक्त गिऱ्हाइकांशी बोला.” गिऱ्हाइकं थेट पुतण्याकडे जात. काका दिवसभर रस्ता बघत.

त्या दिवशी त्यांनी बराच वेळ हातोड्याचा आवाज सहन केला. मग स्टूल उचलून रस्ता ओलांडून आले.

“मारतेस काय त्याला? काय घोडं मारलंय त्यानं तुझं? तेल पाज, कापड गुंडाळ, आणि उद्यापर्यंत त्याच्याकडे बघू नकोस.”

दुसऱ्या दिवशी नट हातानं फिरला. त्या दिवसापासून मिस्त्रींचं स्टूल पुन्हा रस्त्यापलीकडे गेलं नाही.

*

सोमवारी भंगारवाला क्रेन घेऊन आला. धिप्पाड, घामाघूम, पण आवाजानं मऊ माणूस. दादानं त्या दिवशी कामावर रजा टाकली होती. शेजारच्या गच्च्यांवर माणसं जमली. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो?

आत्या आधीच ट्रकमध्ये चढून बसली होती. ड्रायव्हरच्या सीटचा सांगाडा तिनं नव्या फोमनं भरला होता आणि आता मांडीवर रेक्झिन घेऊन दाभणानं कडेचे टाके घालत होती.

“बाई, उतरा. साखळी लावायचीय,” भंगारवाला म्हणाला.

“कव्हर शिवतेय. संपलं की उतरते.”

“किती वेळ लागेल?”

“हे झालं की शेजारच्या सीटचं आहे. मग मागचा बाक.”

भंगारवाल्यानं दादाकडे पाहिलं. दादाचा चेहरा लाल झाला होता. “उतर खाली! सगळी गल्ली बघतेय!”

“बघू दे. हसतील त्यांचे दात दिसतील.”

“तुम्ही साखळी लावा हो,” दादा भंगारवाल्याला म्हणाला. “क्रेननं उचललं की येईल खाली.”

भंगारवाला साखळीकडे गेला, थांबला आणि डोकं खाजवत परत आला. “साहेब, माणूस बसलेली गाडी मी उचलत नाही. उद्या काही झालं तर? आणि खरं सांगू का, हिला नवं कव्हर चढतंय. नवं कव्हर चढवलेली गाडी भंगार कशी म्हणायची? हात धजत नाही.”

स्टुलावरून मिस्त्री म्हणाले, “शहाणा आहेस.”

“तुम्हाला कमी ऐकू येतं ना?” दादा त्यांच्यावर उखडला.

एवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. भंगारवाल्याला एक कप, मिस्त्रींना अर्धाच, कारण भरलेला कप त्यांच्या हातून सांडायचा. मग कुणाकडेही न बघता ती ट्रकला वळसा घालून पलीकडे गेली आणि पलीकडच्या खिडकीतून तिसरा कप आत सरकवला. दादाला काही दिसलं नाही. भंगारवाला चहा पिऊन, क्रेन मागे घेऊन, जाताना ट्रकच्या दारावर थाप मारून निघून गेला.

“एवढा ट्रक प्यारा असेल तर ट्रकमध्येच राहा!” दादा म्हणाला आणि आत निघून गेला.

रागाच्या भरात बोललेल्या वाक्याचं असं असतं की ऐकणाऱ्यानं ते मनावर घ्यायचं नसतं. आत्यानं घेतलं. तिनं गादी, उशी, पांघरूण आणि आरसा ट्रकच्या मागच्या हौद्यात नेला. रोज सकाळी कामावर निघालेल्या शेजाऱ्यांना ती पायरीवर बसून दात घासताना दिसायची. “काय आत्या, नवी जागा कशी आहे?” कुणी विचारलं की म्हणायची, “हवेशीर आहे. भाडेकरू मात्र मांजर आहे.” आठवडा उलटायच्या आत दादा पायरीशी येऊन उभा राहिला. “घरात ये. लोक मला विचारतात.” ती गेली. त्याच्या बोलावण्यासाठी नाही, पाठ धरली होती म्हणून. पण ट्रकचा विषय पुन्हा निघाला नाही.

लेकीचा फोन मात्र आला. तिला आत्यानंच वाढवलं होतं. तिच्या वेण्या घातल्या होत्या, तिच्या तापात उशाशी बसली होती.

“बाबा म्हणाले, तू नाही म्हणालीस.”

“हो.”

“ट्रकसाठी?”

आत्याला म्हणायचं होतं, ट्रकसाठी नाही गं. पण मग कशासाठी, ते फोनवर मावणारं नव्हतं. “भेटायला येईन मी. राहायला नाही,” एवढंच ती म्हणाली.

“बरं,” लेक म्हणाली आणि फोन ठेवला. आत्यानं उठून त्या दिवसाचं काम केलं. हात नीट चालले नाहीत. मिस्त्रींनी सैल राहिलेले बोल्ट दाखवून तिला ते पुन्हा आवळायला लावले.

*

काम हंगामभर चाललं. लोहाराकडून चाकांचे धक्के झेलणाऱ्या कमानींचे पाटे पुन्हा वाकवून घेतले, त्यांत एकेक जादा पाटा घातला, ट्रक हातभर उंच झाला. पोटाखाली जाड पत्रा ठोकला. ओढ्यात शिरलं तरी इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवा ओढणारा पाइप टपापर्यंत वर नेला. मोठ्या गिअरशेजारी एक आखूड दांडी होती. ती ओढली की चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळे आणि ट्रक माणसाच्या चालीनं पण हत्तीच्या ताकदीनं चाले. ती दांडी गंजून जागच्या जागी बसली होती. तिनं दोघांचा जीव नकोसा केला. मिस्त्री ओरडायचे, आत्या उलट ओरडायची, मग दोघं रुसून बसायची आणि वहिनीचा चहा आला की पुन्हा सुरू. एकदा तर आत्यानं ब्रेकचे पाइप अदलाबदल करून जोडले आणि ट्रक ढकलून बघताना अंगणाची भिंतच पाडली. ती भिंतही तिनंच बांधली, वाकडी.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा काळ्या धुराचा असा लोट उठला की दोरीवरचे वहिनीचे सगळे धुतलेले कपडे राखी झाले. वहिनी धावत बाहेर आली. अंगण थरथरत होतं. मिस्त्री स्टुलावरून उठून उभे राहिले होते आणि मान एका बाजूला कलवून, गाणं ऐकावं तसे ऐकत होते.

“हे कपडे पुन्हा कोण धुणार?” वहिनी इंजिनाच्या आवाजावरून ओरडली.

“मी धुते!”

“राहू दे!” वहिनी म्हणाली. “आता ते बंद करू नकोस. बंद केलंस आणि पुन्हा नाही सुरू झालं तर?”

दुकानाची छोटी व्हॅन आत्या वर्षानुवर्षं चालवत होती, पण हा प्राणी वेगळा होता. गावाबाहेरच्या दगडखाणीत ती रोज सकाळी सराव करायची. शेजारी मिस्त्री बसायचे. “पायाला घाई नको,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. “घाई केलीस की चाक फिरतं, गाडी फिरत नाही.”

*

डोंगरवाल्यांची वर्षाची चढाई ठरली तेव्हा आत्याही ट्रक घेऊन पायथ्याशी गेली. त्यांच्यातल्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणत. त्याच्या सीटा आत्यानं कितीदा शिवल्या होत्या.

“वा! आत्या! नटवलीत की म्हातारीला!” तो मनापासून खूश झाला. मग त्याच्या लक्षात आलं. “तुम्ही… वर येताय? चालवत?”

“तेवढ्यासाठीच आलेय.”

“अहो, अंगणात गाडी दुरुस्त करणं वेगळं आणि ही वाट वेगळी. माझ्या गाडीत बसा. सगळं दाखवतो तुम्हाला.”

“बघायचं नाहीये. चढायचंय.”

“आणि हे?” त्यानं मिस्त्रींकडे, त्यांच्या मांड्यांखालच्या हातांकडे पाहिलं.

“हे माझे मिस्त्री.”

“वाटेत काही झालं तर आमच्यावर येऊ नका हं.”

“तुमच्यावर येतंय कोण? तुम्ही पुढे व्हा. मी मागून येते.”

हत्तीची पाठ तिला वाटली होती त्याहून सोपी गेली. उभी होती खरी, पण तिच्या मनात ती इतक्या वर्षांत आकाशाला जाऊन भिडली होती. कात्रीत ट्रकची डावी बाजू दरडीला घासली, रंग गेला, आरसा गेला. “जाऊ दे,” मिस्त्री म्हणाले, “मागे बघायचंय कुणाला?”

दळणावर मात्र ती अडकली. अर्ध्या चढावर चारही चाकं गरगरली, खालून दगडांचा पाऊस सुटला आणि ट्रक आडवा होत मागे घसरायला लागला. आत्यानं ब्रेक दाबला. ब्रेक लागला, तरी दगडच घसरत होते. खिडकीतून तिला एका बाजूला फक्त दरी दिसत होती. ट्रक चढाच्या पायथ्याशी येऊन थांबला.

वर पोहोचलेला कप्तान दोर घेऊन पायी खाली आला. “बांधून घ्या, आत्या. वरून खेचतो. यात कमीपणा नाही. निम्म्या गाड्या दोरानंच येतात.”

“तुमची आली का दोरानं?”

“माझी नाही, पण—”

“मग माझीही नको.”

“अहो, हट्टाला काही सीमा आहे का? पलटी झाली तर?”

“तर पलटी झालेली गाडी ओढा दोरानं. उभी असताना नाही.”

तिनं पुन्हा घेतली. पुन्हा घसरली, थोडी वरून. ती मिस्त्रींकडे वळली. “तुम्ही घाबरलात का?”

“घाबरलोय तर,” मिस्त्री म्हणाले. “पण घरी फाटकाशी बसून असतो तेव्हा याहून जास्त घाबरलेला असतो. उतर. चाकांतली हवा सोड.”

“किती?”

“चाक बसलं पाहिजे. थकलेल्या माणसानं बसावं तसं.”

तिनं चारही चाकांतली हवा सोडली. रबर खाली पसरलं. मग तिनं आखूड दांडी ओढली, पहिला गिअर टाकला आणि पायावरचं वजन काढून घेतलं. इंजिन खालच्या आवाजात घुमू लागलं. मिस्त्रींनी डोळे मिटले होते. “ऐक तिचं. असंच. असंच. मागू नकोस, ती देईल.” ट्रक मुंगीच्या पावलानं चढत होता. दगड सुटत होते, पण पसरलेलं चाक पुढचा दगड धरत होतं. कप्तान कडेनं चालत होता. आधी तो हातवारे करून डावं-उजवं सांगत होता, मग त्यानं हात खाली घेतले आणि नुसताच चालत राहिला.

चढ संपला तेव्हा ते आत्याला लगेच कळलंही नाही. समोर अचानक नुसतं आभाळ आलं.

वर मोठं, खडबडीत पठार होतं आणि त्याच्या टोकाला खाणीचं काळं तोंड. बाकीच्या गाड्या तिथे उभ्या होत्या. आत्यानं मध्येच ट्रक थांबवला, उतरली आणि वळसा घालून मिस्त्रींचं दार उघडलं.

“सरका.”

“कुठे?”

“पलीकडे. स्टिअरिंगवर.”

“वेडी आहेस का? हात बघ माझे.”

“रोज बघते. सरका.”

मिस्त्रींनी एकदा स्टिअरिंगकडे पाहिलं. मग सरकले. त्यांनी हात मांड्यांखालून काढले आणि स्टिअरिंगवर ठेवले. ट्रक निघाला. त्या खडकांवर स्टिअरिंगच असं हिसके देत होतं की माणसाची थरथर कोणती आणि गाडीची कोणती, ते बाहेरून पाहणाऱ्याला कळणं शक्य नव्हतं. मिस्त्री पुढे बघत होते.

“क्लच कडक लागतोय,” ते म्हणाले. “उतरलो की बघ.”

“बघते.”

खाणीच्या तोंडाशी त्यांनी ट्रक इतक्या हळुवार थांबवला की आत्याला धक्कासुद्धा जाणवला नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कप्तानानं फक्त आपली गाडी जरा पुढे घेऊन या ट्रकसाठी जागा केली.

*

थंडीत मिस्त्री न्हाणीघरात पडले आणि मग स्टुलावर आले नाहीत. आत्या रोज त्यांच्या खोलीत जाऊन बसते. ते अंथरुणातून तिला ओरडतात, ती उलट ओरडते. पुतण्या दारातून डोकावतो आणि निघून जातो. बोलणं हळूहळू अस्पष्ट होत चाललंय. पूर्वी ती अर्ध्या वाक्यावरून समजायची, आता एका शब्दावरून समजते.

लेकीला मुलगी झाली. आत्या जाऊन चार दिवस राहून आली. लेक पहिले दोन दिवस जेवढ्यास तेवढं बोलली. तिसऱ्या दिवशी बाळ आत्याच्या मांडीवर झोपलं तेव्हा लेक शेजारी येऊन बसली आणि तिनं आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. राहा, असं मात्र ती म्हणाली नाही, आणि आत्याही राहिली नाही. बाळासाठी त्यांनी एक बाई ठेवली आहे.

दादाची नवी गाडी रस्त्यावर उभी असते. तो तिची धूळ पुसतो आणि अंगणाकडे बघत नाही.

परवा दुपारी आत्या ट्रक काढत होती. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली, हात ओलेच होते.

“कुठे निघालीस?”

“डिझेल भरायला.”

“मी येऊ?”

आत्यानं इंजिन चालू ठेवूनच पलीकडचं दार उघडलं. पायरी उंच होती आणि वहिनीचे गुडघे दुखरे. आत्यानं हात पुढे केला. “राहू दे,” वहिनी म्हणाली. “चढते मी.” वेळ लागला. ती धापा टाकत सीटवर बसली, नव्या रेक्झिनवरून तिनं एकदा हात फिरवला आणि चपला काढून पाय वर घेतले.

पंप मागे पडला. गावाबाहेर डांबर संपलं, तिथे समोरून दादाची गाडी आली. त्या दिवशी तो लवकर सुटला होता. त्यानं आधी ट्रक ओळखला, मग आत कोण बसलंय ते ओळखलं, आणि खिडकीतून हात बाहेर काढून थांबा, थांबा अशी खूण केली.

“थांबू?” आत्यानं विचारलं.

“नको.”

ट्रक त्याच्या शेजारून गेला. धुळीत त्याची गाडी दिसेनाशी झाली.

“वहिनी, घराची किल्ली?”

“माझ्यापाशी आहे.”

“मग दादा?”

“बसतील पायरीवर थोडा वेळ,” वहिनी म्हणाली आणि तिनं खिडकीची काच फिरवून खाली घेतली.